पद्मिनी, मारुती आणि आई

परवा घरी सगळे जमले होते. जेवताना पुन्हा तोच विषय निघाला, पद्मिनी की मारुती ८००? थोरल्या काकांचं ठरलेलं वाक्य आलंच, "पद्मिनी म्हणजे गाडी! मारुती म्हणजे पत्र्याचा डबा." सगळ्यांनी माना डोलावल्या. तिथे गप्प बसलो, म्हणून इथे लिहितोय.

पद्मिनीचा पत्रा जाड होता, मान्य. पुढच्या सलग बाकावर तिघं बसायचे, तेही मान्य. पण मुळात ती इटलीची फियाट ११००. तिकडे ती मालिका १९६९ साली बंद झाली. कुर्ल्याच्या कारखान्यात मात्र तीच गाडी थोड्याफार फरकाने आणखी तीसेक वर्षं बनत राहिली. परवाना राज्यात दुसरं काही फारसं मिळतच नव्हतं. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबल्यावर मिळालेली वस्तू वाईट म्हणणार कोण? त्याला आपण 'मजबुती' म्हणतो!

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, वजनाला हलकी. आमच्याकडे ती आली १९९१ साली.

त्याआधी दहा वर्षं आई फियाटमध्ये शेजारच्या सीटवरच बसली. "ही बायकांना झेपणारी गाडी नाही," असं घरात सगळेच म्हणायचे. (काका, तुम्हीसुद्धा!) खरं तर फियाट चालवणाऱ्या बायका तेव्हाही होत्याच. पण जड स्टीअरिंग आणि दांड्यावरचा गिअर ही आमच्या घराला सोयीची कारणं होती. मारुतीने ती कारणंच काढून घेतली. तिसऱ्या महिन्यात आई एकटी आजीला डॉक्टरांकडे घेऊन गेली आणि येताना भाजीही घेऊन आली. बाबांना कळलं ते संध्याकाळी.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली, तेव्हा मलाही चुटपुट लागली. पण हळहळ वेगळी आणि हिशेब वेगळा. जुन्या गाडीचं कौतुक करताना तिची किल्ली कुणाच्या खिशात असायची, हेही आठवावं की नाही?

असो. काका, रागावू नका. फक्त एक सांगतो. आपला वाद रंगला होता तेव्हा आई पोळ्या वाढत होती. कुठली गाडी चांगली, हे तिला आपल्यापैकी कुणी विचारलंच नाही. मीसुद्धा नाही.