संगणकातील पत्तावही

आपल्या संघाच्या स्मरणिकेत कर, वाहतूक, बाजार समितीचे कायदे अशा भारदस्त विषयांवर लेख येत असतात. त्यांत ई-मेलमधील पत्तावहीचा विषय काही बंधूंना किरकोळ वाटेल. परंतु ज्या वहीवरून दररोज बिले, भाव आणि बँकेच्या खात्यांची माहिती परगावी जाते, ती वही किरकोळ कशी म्हणावी? खतावणीत एका आसामीच्या नावे दोन खाती निघाली तर आपण मुनिमास धारेवर धरतो. संगणकात त्याच आसामीचे पाच पत्ते असतात, आणि त्याचे कोणासही काही वाटत नाही.

ही अडगळ होते कशी, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. कागदाच्या पत्तावहीत नाव चढवावयाचे तर कोणीतरी हेतुपुरस्सर लेखणी उचलीत असे. आताची वही स्वतःच लिहून घेते. जीमेलवरून कोणास एकदा उत्तर धाडले की त्याचा पत्ता ‘अदर कॉन्टॅक्ट्स’ या कप्प्यात जाऊन बसतो. थंडरबर्डमध्ये तर याच कामासाठी ‘कलेक्टेड अ‍ॅड्रेसेस’ नावाची निराळी वही आहे. विमा विकणारा, एकदाच भाव विचारून गेलेला दलाल आणि तीस वर्षांचा गिरणीवाला, सारे एका पंक्तीस. त्यात गावांची नावे बदलली. 1 नोव्हेंबर 2014 रोजी बेळगावचे बेळगावी, गुलबर्ग्याचे कलबुर्गी आणि विजापूरचे विजयपूर झाले. तेव्हापासून तुरीची एकच गिरणी जुन्या गावाच्या नावाने एकदा आणि नव्या नावाने पुन्हा, अशी दोन ठिकाणी नांदते.

तरुण मंडळी म्हणतात, वही साफ करण्याचा खटाटोप कशाला? दोन अक्षरे टंकावी, नाव आपोआप पुढे येते. जुने पत्र शोधावयाचे असेल तर हे म्हणणे मला मान्य आहे. पत्र पाठवावयाचे असते तेव्हा मात्र हीच सोय घातक ठरते. आपल्या समाजात पाटील आणि शहा गावोगाव आहेत. दोन अक्षरांवर संगणक चार नावे पुढे करतो, घाईचा हात पहिल्यावर पडतो, आणि एका खरेदीदारास दिलेला खास भाव त्याच्या शेजारच्या दुकानदाराच्या हाती जातो.

याहून गंभीर धोका लबाडीचा आहे. आमच्या पेठेतील एका पेढीस तिच्या नेहमीच्या डाळ गिरणीच्या नावाने पत्र आले की आमचे बँकखाते बदलले आहे, यापुढील रक्कम नव्या खात्यात भरावी. पत्त्यात एका अक्षराचा फरक होता. दिवाणजीने ‘ठीक आहे’ असे उत्तर धाडले आणि त्या उत्तरासरशी तो तोतया पत्ता वहीत अस्सल पत्त्याच्या मांडीस मांडी लावून बसला. पुढे पत्र लिहिताना यंत्राने तोच सुचविला. दोन गाड्या हरभऱ्याची रक्कम गेली. खाते बदलल्याचे पत्र आले की आपल्याजवळ पूर्वीपासून असलेल्या दूरध्वनी क्रमांकावर मालकाशी बोलावे, पत्रात दिलेल्या क्रमांकावर नव्हे. आणि रक्कम गेलीच तर 1930 या क्रमांकावर त्याच घटकेस तक्रार नोंदवावी. तथापि वहीत एका गिरणीचा एकच पत्ता असता तर दुसरा दिसताक्षणीच दिवाणजी थबकला असता, असे माझे मत आहे.

जुने पत्तेही निरुपद्रवी नसतात. याहू कंपनीने 2013 साली, वर्षभर न उघडलेले पत्ते मोकळे करून इतरांस देण्याचे धोरण जाहीर केले होते. म्हणजे ज्या पत्त्यावर आपण एका स्नेह्यास बिले धाडीत होतो, तो आज परक्याचा असू शकतो.

साफसफाईचे तंत्र मुले जाणतात. मी केवळ व्यापाऱ्याच्या दृष्टीने सांगतो. प्रथम संपूर्ण वहीची नक्कल उतरवून निराळी ठेवावी. नंतर जीमेलच्या मांडणीत जाऊन पत्ते आपोआप साठविण्याची सोय बंद करावी, नाही तर घर झाडीत असताना दार उघडे ठेवल्यासारखे होईल. गूगलच्या वहीत दुहेरी नावे एकत्र करण्याची सोय आहे, पण ती डोळे मिटून वापरू नये. पिता-पुत्रांचा दुकानाचा क्रमांक एकच असला की यंत्र त्या दोघांस एक करावयास सुचविते. पुसलेले नाव 30 दिवस टोपलीत राहते, तेवढ्या अवधीत ते परत आणता येते. नाव लिहिताना गाव आधी, मग पेढी, मग माल, असा क्रम ठेवला तर ‘लातूर’ टंकताच तेथील साऱ्या गिरण्या एका रांगेत येतात.

कळफलकावर सूनबाई बसो की नातू, कोणते नाव ठेवावयाचे हा निर्णय मात्र ज्याने व्यवहार केला त्यानेच द्यावा. दिवंगत स्नेह्यांची नावे पुसावी असे मला वाटत नाही. त्यांची पत्रे पुढे वारसांशी हिशेब करताना लागतात. ती निराळ्या कप्प्यात ठेवावी. नाही तर क्षमावाणीच्या दिवशी सरसकट पत्र सुटते आणि वडील जाऊन तीन वर्षे झालेल्या मुलास वडिलांच्या नावे क्षमायाचना पोहोचते. म्हणून हे काम आषाढात, आवक मंद असताना करावे. पर्वापूर्वी यादी निर्मळ होते. अपरिग्रहाचा दाखला येथे देण्याचा मोह होतो, परंतु पत्ते साठवून कोणी परिग्रही ठरत नाही. माझा आक्षेप निव्वळ व्यापारी आहे.

एकगठ्ठा पत्राविषयी आणखी एक गोष्ट. पत्ते ‘सी.सी.’ मध्ये घातले तर प्रत्येकास सर्वांची नावे दिसतात; आपली ग्राहकयादी आपणच बाजारात मांडतो. ‘बी.सी.सी.’ मध्ये ती झाकलेली राहतात. साध्या जीमेल खात्यावरून दिवसास 500 पत्त्यांपलीकडे पत्र जात नाही, हेही मोठ्या यादीवाल्यांनी स्मरावे.

सर्वांत अधिक दुर्लक्षित प्रश्न मालकीचा आहे. कित्येक पेढ्यांचे पत्ते मुनिमाच्या खाजगी खात्यात आणि त्याच्याच मोबाईलमध्ये आहेत. तो नोकरी सोडतो त्या दिवशी चाळीस वर्षांची ओळखपाळख त्याच्या खिशातून बाहेर पडते, आणि त्यात त्या बिचाऱ्याचा काही दोषही नसतो. पेढीच्या नावाचे खाते असावे, त्याची किल्ली मालकाजवळ असावी, आणि मुनिमाने त्याच खात्यातून काम करावे. कीर्द आपण कधी मुनिमाच्या घरी ठेवली होती काय?

संघाच्या कार्यालयासही एक सूचना करतो. वार्षिक सभेची निमंत्रणे बंद पडलेल्या पत्त्यांवरून परत येतात, आणि सभासद म्हणतात आम्हांस कळविलेच नाही. वर्गणीच्या पावतीसोबत पत्त्याचे एक छोटे पत्रक जोडावे. सभासदाने त्यात पेढीचा चालू पत्ता आणि उत्तर देणाऱ्या जबाबदार व्यक्तीचे नाव स्वहस्ते लिहून द्यावे. येत्या वर्गणीपासून हे सुरू करता येईल.