चांदोबाचं तूप

माझी भाची साडेचार वर्षांची. वस्तीतल्या विहारात आपल्याच पोरांनी काढलेल्या बालवाडीत जाते. परवा घरी आली ती हात नाचवत, चांदोबाचं गाणं म्हणत. तेच ते. चांदोबाला मामा करायचं, लिंबाच्या झाडामागं दडलास का म्हणून विचारायचं, मग मामाचा वाडा चिरेबंदी असल्याचं सांगायचं. म्हणून झालं आणि पोरगी मलाच विचारते, "मामा, तुझा वाडा कुठंय रे?"

आता काय सांगू? मामाची खोली दहा बाय बारा. वर पत्रा. पत्रा उडू नये म्हणून त्यावर चार दगड. तेवढाच आमचा चिरा.

लोक म्हणतात, अहो बडबडगीत ते, त्यात अर्थ कसला शोधता? पोरांच्या जिभेला वळण लागतं, ताल कळतो. मान्य. पण मित्रांनो, बिनअर्थाचंच गाणं, तर त्यात चटणी-भाकर का येत नाही? नेमकं तूपच कसं येतं? वेडपटपणासुद्धा कुणाच्या तरी माजघरात बसून केलेला असतो.

त्या तुपाचंच बघा. चांदोबा तूप-रोटी खायला येतो, तुपात माशी पडते, आणि हा गडी चक्क उपाशी! एका माशीपायी! आमच्या आजीला तसली वाटी दिसली असती तर तिनं आधी तूप बघितलं असतं, माशी मागनं.

आता दुसरं तूप. साल १९३६. जयपूर संस्थानातलं चकवारा गाव. बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलना'त ही हकीकत दिलीय. तीर्थयात्रेवरून परतलेल्या एका अस्पृश्यानं आपल्या लोकांना जेवण घातलं, पंगतीत तूप वाढलं. शेकडो सवर्ण लाठ्या घेऊन धावून आले. अन्न नासवलं, जेवणाऱ्यांना बडवलं. भरल्या पानावरून माणसं जीव घेऊन पळाली. तिथं तुपात काही पडलं नव्हतं. तूप आमच्या पानात पडलं होतं, एवढंच.

तान्ह्याला तीट लावतानाचं गाणं घ्या. त्यात सोनं आणि रुपं. त्याच पुस्तकात आहे : इंदूरकडच्या बलाई लोकांना तिथल्या सवर्णांनी बजावलं की तुमच्या बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. मनुस्मृतीत तर चांडाळाला लोखंडाचेच दागिने. तरी आमच्या आयांनी हे सोनं गायलं. ते मात्र मला कळतं. गाण्यात सोनं घालायला पाटलाला विचारावं लागत नव्हतं.

पावसाला पैसा दाखवायचा आणि तोही खोटा निघायचा, हे संस्कार तर सोडूनच द्या. आमच्याकडं पाऊस फुकट येतो, थेट अंथरुणात.

माझा राग आहे तो बालवाडी चालवणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांवर. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब; आणि भिंतीखाली पोरं चिरेबंदी वाडा घोकताहेत. चौदा एप्रिलला तास-तास भाषणं ठोकता राव, पोरांसाठी चार ओळी जुळवता येत नाहीत? पत्र्यावर पाऊस वाजतो त्याला ताल तर आयताच आहे.

चकवाऱ्याचं मी भाचीला सांगितलं नाही. लहान आहे. माशीचं तेवढं विचारलं. म्हणाली, "मामा, आई काढून टाकते."