घराबाहेर न पडणारे मोजणीतही नाहीत

जुलै २०२१च्या अखेरीस मुंबई महापालिकेने अंथरुणाला खिळलेल्या नागरिकांना घरी जाऊन कोविड लस देण्यास सुरुवात केली. त्यासाठी ई-मेलने नावे मागवावी लागली आणि चार हजारांहून अधिक नावे आली. २०११च्या जनगणनेत सुमारे १ कोटी २४ लाख लोकसंख्या असलेल्या शहरात असे रुग्ण एवढेच असतील, हे पटण्याजोगे नाही. ज्यांच्या घरी ई-मेल करणारे कोणी नव्हते, त्यांचे काय?

घराबाहेर पडू न शकणारे लोक किती, याबाबतची आकडेवारी आपल्याकडे अगदीच नाही असे नाही. मात्र ती विखुरलेली आहे आणि प्रत्येक ठिकाणची व्याख्या वेगळी आहे.

२०११च्या जनगणनेनुसार देशात २.६८ कोटी, म्हणजे २.२१ टक्के लोक दिव्यांग होते. महाराष्ट्रात ही संख्या २९ लाखांहून अधिक होती. वयानुसार हे प्रमाण वाढत जाते. ६० ते ६९ वयोगटात ते सुमारे ४ टक्के, ७० ते ७९ वयोगटात ६ टक्के, तर ऐंशीनंतर ८ टक्क्यांच्या आसपास आहे.

आता दुसरा आकडा पाहा. मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८मध्ये पंचेचाळीस वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. ‘लासी’ या नावाने ती ओळखली जाते. तिच्यात साठीपुढील सुमारे २४ टक्के लोकांना अंघोळ, कपडे घालणे, जेवणे, चालणे, शौचाला जाणे अशांपैकी किमान एका कामात अडचण असल्याचे आढळले.

एवढी तफावत कशी? कारण प्रश्नच वेगळे आहेत. जनगणनेत व्यक्ती दिव्यांग आहे का, असे विचारले गेले. गुडघे झिजलेल्या, पक्षाघातानंतर तोल जाणाऱ्या किंवा खुब्याचे हाड मोडल्यापासून खोलीतच असलेल्या आजींना घरचे लोक दिव्यांग म्हणत नाहीत. ‘वय झालं’ म्हणतात. ‘लासी’ने मात्र माणसाला काय करता येते आणि काय नाही, हे विचारले.

घरात अडकलेल्यांच्या सर्वांत जवळ जाणारा आकडा २००४च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात सापडतो. ६० ते ६४ वयोगटात ९४-९५ टक्के लोक हिंडते-फिरते होते. ऐंशीनंतर हे प्रमाण पुरुषांत सुमारे ७२ टक्के, तर स्त्रियांत ६३ ते ६५ टक्क्यांवर आले. म्हणजे ऐंशी ओलांडलेल्या दर तीन स्त्रियांपैकी एकीहून अधिक घरात किंवा अंथरुणात अडकलेली होती. म्हणूनच ‘ज्येष्ठ नागरिक’ असा एकच गट करून काढलेली सरासरी फसवी ठरते.

हा प्रश्न केवळ कागदावरचा नाही. बाह्यरुग्ण विभागात येणे बंद झालेला रुग्ण बरा झाला, गाव सोडून गेला की घरात पडून आहे, हे नोंदवहीवरून कळत नाही. रक्तदाबाच्या गोळ्या संपतात, पाठीवर जखमा होतात, सांधे आखडतात. फिरते पथक, फिजिओथेरपिस्ट आणि परिचारिका किती लागतील, हे ठरवायला वॉर्डनिहाय व गावनिहाय यादी लागते.

ती मिळवण्यासाठी नवे सर्वेक्षण करण्याची गरज नाही. असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीसाठी आशा सेविका घरोघरी जो अर्ज भरतात, त्यात साठीपुढील व्यक्तींसाठी काही प्रश्न आहेतच: चालताना तोल जातो का, हालचालींवर मर्यादा आणणारे अपंगत्व आहे का, रोजच्या कामांना दुसऱ्याची मदत लागते का. या उत्तरांची वयोगटानुसार बेरीज दर महिन्याला आरोग्य केंद्रात मांडली, तर कोणाच्या दारी जायचे हे ठरवता येईल. कुटुंबांनीही आशा सेविका आल्यावर ‘आमच्याकडे सगळे ठीक’ म्हणण्याआधी आतल्या खोलीतल्या माणसाचे नाव आवर्जून नोंदवावे.