सोप्याचा हॉल झाला

आमचा जुना सोपा पाडून मुलानं तिथं हॉल बांधला. माझी ना नव्हती. तुळईला वाळवी लागली होती, पावसाळ्यात तीन ठिकाणी भांडी ठेवावी लागायची. माझं भांडण हॉलशी नाहीच. ते आहे नातीनं शाळेतून आणलेल्या एका पुस्तकाशी.

पानभर चित्र. वर लिहिलेलं, लिव्हिंग रूम. खाली सोफा, कुशन, कार्पेट, कर्टन, आणि भिंतीत धडधडून पेटलेली फायरप्लेस. माणदेशात! जिथं उन्हाळ्यात आम्ही अंगणात बाज टाकून झोपतो. घरातल्या वस्तूंची चित्रं काढा, असा गृहपाठ होता. पोरगी फायरप्लेस हुडकत घरभर हिंडली आणि परड्यात अंघोळीचं पाणी तापवायची चूल आहे, तिच्यापाशी थांबली. तीच काढली वहीत. पोरीचं डोकं चाललं म्हणून मी खूश. दुसऱ्या दिवशी वही आली, चुलीवर लाल फुली.

सोप्यात काय नव्हतं? खुंटीला घोंगडं, कोनाड्यात रॉकेलची चिमणी, तिच्या काजळीनं काळा झालेला वरचा गिलावा. पाहुण्याला तक्क्या. आणि घडवंची. चार पायांची ही लाकडी घोडी. तिच्यावर धान्याची पोती आणि अंथरुणं रचायची, म्हणजे ओल लागत नाही. सगळ्यात वर वाकळ, आईनं जुन्या लुगड्यांची शिवलेली. हिला इंग्रजीत काय म्हणतात ते विचारा बरं बाईंना. फायरप्लेस आमच्याकडं नाही, घडवंची त्यांच्याकडं नाही. हिशेब फिटला की. मग फुली आमच्याच वहीत का?

परके शब्द नकोत म्हणणाऱ्यांतला मी नव्हे. खुर्ची अरबीतून आली, पडदा फारसीतून. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तरी खुर्ची बसली ती बसलीच. आणि ज्याचा एवढा तोरा, तो सोफाही मूळचा अरबीच. इंग्रजानंही तो उसना आणलेला. पण खुर्ची आली म्हणून पाट कुणी घराबाहेर काढला नव्हता. सोप्याचे नुसते गोडवे गाणाराही मी नव्हे. आमच्या सोप्यात सगळ्या गावाला जागा नव्हती, काही माणसं पायरीखालीच उभी राहायची. आज त्यांची पोरं सोफ्यावर बसून चहा घेतात. तेवढं पुण्य त्या सोफ्याचं खरं.

मुलगा म्हणतो, "दादा, तिला पुढं नोकरी करायचीय, घडवंची घेऊन काय करंल?" अरे, इंग्रजी शिकव की. मीही पाचवीत ए बी सी डी गिरवली, कुणी आधी पाट-वाकळ विसरून ये म्हणालं नाही.

आईनं हट्टानं घडवंची वाचवली, ती हॉलच्या कोपऱ्यात आहे. मागच्या थंडीत ती नातीला म्हणाली, "पोरी, घडवंचीवरची वाकळ आण गं, पाय गारठल्यात." पोरगी जागच्या जागी उभी. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "आजोबा, पणजी काय मागतीय?"

आईला ऐकू कमी येतं, पण तेवढं आलं. आता काही हवं असलं तर ती नाव घेत नाही. नुसतं बोट दाखवते.