रिंग नाही? दोन खांब पुरतात!

कॉलेजात बास्केटबॉल खेळणारा एक तरी मित्र तुमच्या ग्रुपमध्ये असणारच. उंच, गळ्यात टॉवेल, युनिव्हर्सिटी टीमचं जर्किन. आज तो कुठल्या तरी बँकेत टार्गेटच्या मागे धावतोय. कोच व्हायचं होतं त्याला. पण घरून एकच प्रश्न आला, 'त्यात पगार किती?' विषय संपला.

आता पुण्या-मुंबईतून जरा लांब जाऊ. सास्तूर, तालुका लोहारा, जिल्हा धाराशिव, म्हणजे 2023 पर्यंतचं उस्मानाबाद. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप आठवतो ना? त्याच पट्ट्यातलं हे गाव. त्या पहाटे या भागात सुमारे आठ हजार माणसं गेली. अशा ठिकाणी खेळात करिअर करायचं म्हटलं तर आधी परवडणारा खेळ शोधावा लागतो. बास्केटबॉल कोर्ट 28 बाय 15 मीटरचं, पारंपरिक खो-खोचं मैदान 27 बाय 16. जागा जवळपास तेवढीच! फरक खर्चाचा. तिकडे पक्का कोर्ट, बोर्ड, 3.05 मीटरवरची रिंग, शिवाय बॉल. इकडे दोन खांब आणि चुन्याच्या रेघा. बूट नसले तरी चालतं.

म्हणून असेल, पण या जिल्ह्याने देशाला दिली ती खो-खोपटू. सारिका काळे. वय वर्षं तेरा असताना मैदानावर आली. वडिलांना शारीरिक अडचणींमुळे फारसं कमावता येत नव्हतं, आई शिवणकाम करायची. जवळपास दहा वर्षं आपल्याला दिवसातून एकदाच जेवण परवडायचं, हे तिनेच पुढे सांगितलं. (आपण डाएट म्हणून जेवण सोडतो, ते वेगळं.)

2016 मध्ये घरच्या पैशांच्या ओढाताणीला कंटाळून तिने खेळ सोडायचं ठरवलं. स्वतःला खोलीत कोंडून घेतलं. तिच्या आजीने ही गोष्ट प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांच्या कानावर घातली. सरांनी समजूत काढली आणि पोरगी मैदानावर परतली. त्याच 2016 सालात गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारतीय महिला संघाने सुवर्ण जिंकलं. कॅप्टन होती सारिका.

मला या स्टोरीत सगळ्यात भारी वाटतो तो आजी ते कोच हा रूट. खेळाडूच्या घरात काय चाललंय हे ज्याला कळतं, तो कोच. खांबावर डाइव्ह कशी मारायची, बसलेल्या गड्याने खो मिळताच कसं उठायचं, हे बरेच जण शिकवतील. पण 'उद्यापासून येणार नाही' म्हणणाऱ्या मुलीच्या घरी कोण जाणार? या कामाला अप्रेझल नसतं, इन्क्रिमेंटही नसतं.

2020 मध्ये सारिकाला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला तो 22 वर्षांनी मिळत होता! कोविडमुळे तो सोहळा ऑनलाइन झाला. ती तुळजापूरला क्रीडा अधिकारीही झाली. ज्या जिल्ह्यात खेळली, तिथेच टेबलाच्या पलीकडे. मैदानं, स्पर्धा, शाळांचे संघ, सगळं याच खात्याकडे येतं. एका जेवणावर प्रॅक्टिस म्हणजे काय, हे माहीत असलेली बाई त्या खुर्चीत बसली, ही मला पदकाइतकीच मोठी बातमी वाटते.

अर्थात प्रत्येकीला अर्जुन मिळत नाही. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी ठराविक पातळीवरची कामगिरी लागते. ज्यांची गाडी विद्यापीठ स्पर्धेपाशीच थांबते, त्यांनी काय करायचं? एक रस्ता बी.पी.एड. करून शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचा. दुसरा पतियाळाच्या एनआयएसचा कोचिंग डिप्लोमा. दोन्हीसाठी फी आणि वेळ लागतो. लोहाऱ्यातल्या घरी 'पगार किती' हा प्रश्न पुण्यातल्या घरापेक्षा जास्त जोरात विचारला जातो, आणि तो चुकीचाही नाही.

तरी गाडी पुढे सरकतेय, बॉस. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला. फायनलमध्ये आपल्या मुलींनी नेपाळला 78-40 असं हरवलं. कॅप्टन महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. आणि त्याच टीममध्ये होती धाराशिवची अश्विनी शिंदे.