‘हॅरिसन बर्जेरॉन’ वर्गात वाचावी कशी?



नववी-दहावीच्या मुलांना या वर्षी इंग्रजीच्या तासाला पाठ्यपुस्तकाबाहेरची एक गोष्ट वाचायला दिली आहे. त्यावरून दोन-तीन पालकांनी विचारणा केली. एका विश्वस्तांनी तर ‘परीक्षेत न येणारे हे कशाला?’ असे स्पष्टच विचारले. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

गोष्ट अमेरिकन लेखक कर्ट व्हॉनेगट यांची, १९६१ साली प्रसिद्ध झालेली. गोष्टीतले साल मात्र २०८१. तिथल्या राज्यघटनेत २११, २१२ आणि २१३ व्या दुरुस्त्या होऊन सर्व माणसे एकदाची ‘समान’ झाली आहेत. ती कशी? जो बलवान त्याच्या अंगावर वजने, जी सुंदर तिच्या तोंडावर मुखवटा, जो बुद्धिमान त्याच्या कानात एक रेडिओ. दर वीस सेकंदांनी त्यात कर्कश आवाज होतो, म्हणजे विचार पुरा व्हायला नको. जॉर्ज बर्जेरॉनच्या गळ्यात ४७ पौंड छर्‍यांची पिशवी कुलूप लावून अडकवलेली आहे. त्याची बायको हेझल सर्वसाधारण बुद्धीची, तिला कसलेच ओझे नाही. त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा हॅरिसन तुरुंगातून पळतो, टीव्हीच्या पडद्यावर येऊन सगळी वजने तोडून फेकतो, एका नर्तकीबरोबर नाचतो आणि तिथेच गोळी घालून मारला जातो. आईने हे पाहिलेले असते. पण ती का रडते आहे, हेच थोड्या वेळाने तिला आठवत नाही.

पहिल्या दिवशी वर्गाचे उत्तर तयार होते : ‘समानता वाईट असते.’ मागच्या बाकावरून आवाज आला, ‘म्हणजे आरक्षणच की, टीचर.’ आणि आठवड्याभरात काही पालकांनी हीच गोष्ट पुढे करून हुशार मुलांची वेगळी तुकडी मागितली. गोष्ट इतक्या झटपट कामाला लावली जात असेल, तर ती सावकाश वाचायला शिकवणे हे शाळेचे काम आहे.

आम्ही मुलांना वहीत दोन रकाने आखायला लावले. एकात कोणावर कोणते ओझे आहे ते लिहायचे, दुसर्‍यात त्या ओझ्यामुळे कोणाला काय मिळाले ते. पहिला रकाना भराभर भरला. दुसरा कोराच राहिला. जॉर्जच्या गळ्यात ४७ पौंड घातल्याने हेझलची बुद्धी तसूभरही वाढली नाही, तिला एक अक्षर जास्त वाचता आले नाही. माझ्या मते सगळी गोष्ट त्या कोर्‍या रकान्यात आहे.

गोष्टीतल्या अधिकारी बाईंच्या पदाचे नाव ‘हँडिकॅपर जनरल’. हा शब्द समजावायला लांब जायला नको. चादरघाटचा पूल ओलांडला की मलकपेटचा रेसकोर्स. तिथे हँडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्याच्या खोगिरात शिशाच्या पट्ट्या घालून वजन वाढवतात, आणि ते वजन ठरवणार्‍याला हँडिकॅपरच म्हणतात. शर्यत अटीतटीची व्हावी, पैसे लावणार्‍याला मजा यावी, एवढाच त्यामागचा हेतू. त्या शिशामुळे लंगडा घोडा बरा होत नाही.

आता आपल्या घटनेकडे या. १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीने कलम १५ मध्ये चौथे उपकलम आले आणि मागासलेल्या वर्गांसाठी विशेष तरतूद करण्याची मुभा राज्याला मिळाली. त्याच्या कितीतरी आधी, १९०२ मध्ये, कोल्हापुरात शाहू महाराजांनी नोकर्‍यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या होत्या. दृष्टिहीन मुलाला परीक्षेत लेखनिक मिळतो, जास्त वेळ मिळतो. हे सारे त्याच दोन रकान्यांत मांडून पाहा. इथे दुसरा रकाना कोरा राहत नाही. ज्याची जागा हुकली त्याला ते ओझे वाटते, हेही पहिल्या रकान्यात प्रामाणिकपणे लिहावे. आरक्षणावर मतभेद असू शकतात, मुलांनी जरूर वाद घालावा. पण ‘हॅरिसन बर्जेरॉन’चा दाखला तिथे लागू पडत नाही.

अमेरिकेतही हाच घोटाळा झाला. कॅन्सस राज्यात शाळांना सरकारी पैसा सारखा मिळावा की नाही, या खटल्यात २००५ मध्ये वकिलांनी हीच गोष्ट पुढे केली. व्हॉनेगट तेव्हा हयात होते. वकिलांना गोष्ट कळली नाही, ती बुद्धी आणि गुणांबद्दल आहे आणि श्रीमंती म्हणजे गुण नव्हे, असे त्यांनी सांगितले.

उलट, सर्वांना एकच नियम लावला म्हणजे न्याय झाला असेही नाही, हे हैदराबादच्या मराठी माणसाला कोणी शिकवायला नको. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात माध्यम उर्दू होते. एका भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देणे हे मोठेच काम होते, त्याचे श्रेय द्यायला हवे. नियमही सर्वांना सारखा. पण ज्याच्या घरात मराठी, तेलुगू किंवा कन्नड बोलली जाई, त्याच्या दप्तरात त्या नियमाचे वजन जास्त होते. आजी-आजोबांना विचारा, त्यांनी वडीलधार्‍यांकडून ऐकलेले असेल.

मुलांना सर्वात जड गेला तो हॅरिसन. अंगावरची वजने तोडण्याआधीच तो स्वतःला सम्राट म्हणवतो आणि सगळ्यांनी आपले ऐकावे असे फर्मावतो. हे वाक्य अधोरेखित करायला लावले, तेव्हा अर्धा वर्ग हिरमुसला. त्यांचा नायक गेला ना! आणि जॉर्ज? बायको म्हणते, थोडे छरे काढून ठेवा. तो नको म्हणतो. एकेका छर्‍याला दोन वर्षे कैद आणि दोन हजार डॉलर दंड आहे हे खरे, पण त्याला मनापासूनही हेच बरे वाटते. असे का, यावर नववीच्या मुलींनी एक अख्खा तास भांडण केले. (मोबाइलची टिंग टिंग आणि जॉर्जच्या कानातला आवाज यांचे नाते मुलांना लगेच सापडले. पालकांनीही शोधावे.)

उपहास ओळखणे हा खरा अभ्यास. माझे शिक्षण हिंदी माध्यमातले, म्हणून भारतेंदु हरिश्चंद्रांचे ‘अंधेर नगरी’ हे १८८१ चे नाटक मला जवळचे. तिथे भाजी आणि मिठाई एकाच भावाने विकतात, आणि फासाच्या मापात ज्याची मान बसेल त्याला फाशी. हिंदीच्या तासाला ते वाचलेली मुले व्हॉनेगटचा गंभीर चेहर्‍याचा टोमणा चटकन पकडतात.

राहिली वेगळ्या तुकडीची मागणी. वर्गात ज्याचे गणित आधी सुटते, त्याला ‘थांब, बाकीच्यांचे होऊ दे’ म्हणून हाताची घडी घालून बसवणे, ही छर्‍यांची पिशवीच आहे. पालकांची ही तक्रार मला पटते. पण त्यासाठी वर्ग फोडण्याची गरज नाही. त्या मुलाला पुढची, अवघड गणिते द्यावीत. मागे पडलेल्यांसाठी प्रार्थनेआधी एक तास ठेवावा. दोन्हींना मिळून एक जादा शिक्षक लागेल. तेवढी मंजुरी मी विश्वस्त मंडळाच्या पुढच्या बैठकीत मागणार आहे. गोष्टीच्या प्रती ऑफिसात ठेवल्या आहेत, जेमतेम काही पानांची आहे. बैठकीला येण्याआधी कृपया वाचावी.

— मुख्याध्यापिका