हुशार दिवा कुणाच्या गाडीला हवा?

ऊसतोडीच्या हंगामात सांगली-कोल्हापूरकडच्या दुभाजक नसलेल्या एखाद्या रस्त्यावर रात्री गाडी चालवून बघा. पुढे उसाने भरलेली ट्रॉली, तिला मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि समोरून येणारे महाशय अप्पर मारत! डोळे दिपतात त्या दोन-तीन सेकंदांत पुढे ट्रॉली आहे हेच कळत नाही.

यावरचं तंत्रज्ञान कधीचंच आलंय. ऑडीने २०१३ साली ए८ मध्ये मॅट्रिक्स एलईडी दिवे दिले. कॅमेरा समोरच्या गाडीचे दिवे ओळखतो आणि तेवढ्याच भागातले एलईडी विझवतो. बाकी रस्त्यावर अप्पर चालूच. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या श्रीनिवास नरसिंहन यांच्या गटाने २०१४ मध्ये त्याच्याही पुढचा प्रोटोटाइप दाखवला. त्यात प्रोजेक्टरसारखे सूक्ष्म आरसे आहेत, आणि कॅमेऱ्याने बघितल्यापासून प्रकाश बदलेपर्यंत लागतात १ ते २.५ मिलिसेकंद. ताशी १०० किमी वेगाने धावणारी गाडी तेवढ्यात जेमतेम ७ सेंटिमीटर सरकते. (आमच्या प्रोजेक्टचं लॉगिन पेज उघडायला याच्या हजारपट वेळ लागतो. असो.)

अमेरिकेत तर गंमतच. तिथला नियम अप्पर किंवा डिप्पर एवढंच ओळखायचा, त्यामुळे युरोपात धावणारे हे दिवे तिकडे २०२२ पर्यंत चालतच नव्हते.

आता माझं म्हणणं. हे दिवे महागड्या गाडीच्या टॉप मॉडेलचं फीचर म्हणून विकले जातात. पण ती ट्रॉली परत आठवा. माझा दिवा कितीही हुशार असला तरी मला आंधळं करतोय तो समोरच्याचा दिवा! मला अप्पर चालू ठेवता येतो हे खरं, पण जीव वाचतो तो समोरच्याचा. पैसे एकाने मोजायचे आणि मोठा फायदा दुसऱ्याला, अशी वस्तू नुसत्या बाजाराच्या भरवशावर सगळ्यांपर्यंत पोचत नाही. सक्तीच लागते. दुचाकींचा दिवा कायम चालू ठेवायची सक्ती २०१७ मध्ये झालीच की. ही सुरू व्हावी ट्रक आणि बसपासून, त्यांचे दिवे उंच असतात.

"ट्रकवाल्याला परवडणार आहे का राव?" मॅट्रिक्स नसेल परवडत. पण निम्मा त्रास तर लेव्हलचा आहे. बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डवर ० ते ३ आकड्यांचं एक छोटं चाक असतं. मागे पाहुणे आणि सामान भरलं की गाडीचं नाक वर होतं, आणि मग डिप्परसुद्धा समोरच्याच्या डोळ्यात जातो. तेव्हा ते चाक फिरवायचं. तुमच्यापैकी किती जणांनी फिरवलंय? मागच्या सस्पेन्शनवर एक सेन्सर आणि दिव्यामागे एक छोटी मोटर बसवली की हे काम आपोआप होतं, त्याला ना कॅमेरा लागतो ना एआय. आधी ह्याची सक्ती करा. मॅट्रिक्स येऊ दे मागाहून.